सावारचे स्मारक कोणाचे?

दर वर्षी १६ डिसेंबरला, सूर्य नुकताच वर येत असताना, ढाक्याच्या वायव्येस सुमारे ३५ किलोमीटरवर असलेल्या सावार येथे एक सरकारी विधी पार पडतो. राष्ट्रपती व सरकारचे प्रमुख येतात, पुष्पचक्रे वाहतात, सेनादलांच्या तुकड्या मानवंदना देतात, बिगुलाचे सूर विरतात. मान्यवरांच्या मोटारी निघून गेल्या की मग सामान्य लोक आत येऊ लागतात. कोणाच्या हातात झेंडूची माळ असते, कोणाच्या खांद्यावर पोर असते. १९७१ साली ज्यांच्या घरातून कोणी ना कोणी गेले, अशी कुटुंबे त्या गर्दीत असतात. आणि ज्यांनी ते वर्ष पाहिलेही नाही, अशी तरुण मुले तर फारच असतात.

गेल्या पाच दशकांत हे पुष्पचक्र वाहणारे हात सतत बदलत गेले. लोकनियुक्त पंतप्रधान आले, बंड करून सत्तेवर आलेले सेनापती आले, हंगामी सरकारांचे प्रमुख आले. परस्परांना देशद्रोही ठरविणारे पक्ष एकामागून एक त्याच चौथऱ्यासमोर नतमस्तक झाले. तेव्हा प्रश्न असा पडतो की, हे स्मारक नेमके आहे कोणाचे?

हा प्रश्न बांगलादेशाने सोडवावा, आपल्याला त्याचे काय, असे म्हणून चालणार नाही. १९७१ साली सुमारे एक कोटी निर्वासित सीमा ओलांडून भारतात आले, तेव्हा जयप्रकाशजींनी प्रकृतीची तमा न बाळगता देशोदेशी जाऊन बांगला जनतेची बाजू मांडली आणि त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये दिल्लीला या प्रश्नावर आंतरराष्ट्रीय परिषद भरविली. निर्वासितांच्या मदतीसाठी टपालावर लावावे लागणारे पाच पैशांचे जादा तिकीट आपल्यापैकी ज्येष्ठांना आठवत असेल. गावोगावच्या टपालावर ते चिकटले होते. त्या लढ्याशी आपले नाते असे पाच पैशांचे का होईना, पण खरे होते. शिवाय स्मारकांचा प्रश्न आपल्याही दाराशी आहेच.

सात भिंतींचा मनोरा

प्रथम या वास्तूची ओळख करून घेऊ. सुमारे ८४ एकरांचा परिसर, त्याभोवती आणखी जवळपास २५ एकरांचा हरित पट्टा आणि मध्यभागी काँक्रीटचा १५० फूट उंचीचा मनोरा. हा मनोरा सात त्रिकोणी भिंतींचा बनलेला आहे. प्रत्येक भिंत मध्यावर दुमडलेली असून त्या एकामागे एक उभ्या आहेत. जी भिंत सर्वांत उंच, तिचा पाया सर्वांत अरुंद; आणि जी सर्वांत ठेंगणी, तिचा पाया सर्वांत रुंद. समोरून पाहावे तर आकाशात घुसलेला एकसंध, निमुळता सुळका दिसतो. बाजूला सरकू लागावे तसतशा भिंती एकमेकींपासून सुट्या होतात, त्यांच्यामधल्या फटी दिसू लागतात आणि आपण पाहत होतो ते एक नसून सात होते हे ध्यानात येते.

मनोरा तेवढा राखाडी काँक्रीटचा आहे. बाकी वाटा, पायऱ्या, चौथरे हे सारे लाल विटांचे. मुख्य फाटकातून आत शिरताच मनोरा थेट समोर दिसतो. परंतु तेथे सरळ चालत जाता येत नाही. वाट वर चढते, खाली उतरते, पुन्हा चढते; मध्ये एक कृत्रिम जलाशय येतो, तो पुलावरून ओलांडावा लागतो. आणि वाटेतच १९७१ मध्ये मारल्या गेलेल्या अनाम माणसांच्या सामूहिक कबरी आहेत. स्वातंत्र्य डोळ्यांना जवळ दिसत होते, पण पायांना फार दूर होते, हे सांगण्यासाठी येथे शिलालेखाची गरज उरत नाही. चालणाऱ्याचे पायच ते सांगतात.

या सात भिंतींचा सर्वमान्य अर्थ असा : १९५२ चे भाषा आंदोलन, १९५४ ची संयुक्त आघाडीची निवडणूक, १९५६ चे राज्यघटनेसाठीचे आंदोलन, १९६२ चे शिक्षण आंदोलन, १९६६ चे सहा कलमी आंदोलन, १९६९ चा जनउठाव आणि १९७१ चे मुक्तियुद्ध. या मालिकेत कोणत्याही नेत्याचा जन्मदिवस नाही, की कोणत्याही पक्षाचा स्थापना दिन नाही. भिंतींवर कोणाचा पुतळा नाही. नऊ महिन्यांच्या युद्धाचे स्मारक उभारावयाचे होते. वास्तुकाराने एकोणीस वर्षांच्या लोकलढ्याचे उभारले. मुक्तिसंग्राम एका रात्रीत, एका भाषणातून किंवा एका सेनेच्या पराक्रमातून जन्माला येत नाही, ही गोष्ट त्याने काँक्रीटमध्ये ओतली. समाजवादी कार्यकर्त्याला या वास्तूबद्दल आत्मीयता वाटावी याचे पहिले कारण हे आहे.

भिंतीमागची माणसे

या सात वर्षांत पडलेली माणसे कोण होती? १९५२ च्या फेब्रुवारीत ढाक्याला गोळीबार झाला, त्यात विद्यापीठाचा विद्यार्थी बरकत होता. तसाच सरकारी कचेरीतील शिपाई सलाम होता आणि उच्च न्यायालयातील नोकर शफिउर होता. १९६६ च्या ७ जूनला हरताळ झाला, तेव्हा तेजगावच्या औद्योगिक वस्तीत मनू मिया हा कामगार पोलिसांच्या गोळीला बळी पडला. १९६९ च्या जानेवारीत विद्यार्थी नेता असद मारला गेला. तो शेतकऱ्यांत संघटनेचे काम करणारा होता. चारच दिवसांनी मतिउर नावाचा शाळकरी मुलगा गेला. ढाक्यातील एका वेशीला लष्करशहा अयुबखानांचे नाव होते; लोकांनी ते पुसून तिचे असद गेट असे नामकरण केले. त्यासाठी कोणत्याही नगरपालिकेचा ठराव लागला नाही. तेच नाव आजवर टिकले आहे.

मागण्याही पाहा. १९५४ च्या निवडणुकीत मुस्लिम लीगचा धुव्वा उडविणाऱ्या संयुक्त आघाडीचा जाहीरनामा एकवीस कलमांचा होता. त्यात बांगलेला राज्यभाषेचा दर्जा होता. त्याचबरोबर मोबदला न देता जमीनदारी नष्ट करणे होते, तागाच्या व्यापाराचे राष्ट्रीयीकरण होते आणि भाषा हुतात्म्यांचे स्मारक बांधणे हेही एक कलम होते. १९६९ च्या विद्यार्थी कृती समितीच्या अकरा कलमांत बँका, विमा आणि मोठे उद्योग यांचे राष्ट्रीयीकरण मागितले होते, कामगारांना रास्त वेतन मागितले होते. बांगला राष्ट्रवाद म्हणजे केवळ भाषाभिमान, असा जो समज आपल्याकडे आहे तो म्हणूनच अपुरा आहे. ज्या भाषेत माणूस बोलतो तिला कचेरीत मान नाही, याचा अर्थ त्या माणसालाच कचेरीत मान नाही, हे शेतकऱ्याच्या मुलाला नीट कळत होते. भाषेचा आणि भाकरीचा प्रश्न त्याच्यापुरता एकच होता. मुंबईच्या हुतात्मा चौकात शेतकरी व कामगार हातात मशाल घेऊन उभे आहेत. भाषिक राज्याच्या लढ्याचे स्मारक, पण त्यात पंडित किंवा कवी नाही, श्रमिक आहेत. त्या शिल्पापुढून जाणाऱ्या मराठी माणसाला ढाक्याची ही गोष्ट वेगळी समजावून सांगावी लागू नये.

बांधणारे आणि उद्‌घाटन करणारे

आता या स्मारकाच्या जन्माची कहाणी ऐकावी. ती वास्तूइतकीच बोलकी आहे, आणि बरीच कटू आहे.

विजयाच्या पहिल्या वर्धापनदिनी, १६ डिसेंबर १९७२ रोजी, शेख मुजीबुर रहमान यांनी सावारला कोनशिला बसविली. त्याच दिवशी नव्या राष्ट्राची घटना अमलात आली. राष्ट्रवाद, समाजवाद, लोकशाही आणि धर्मनिरपेक्षता ही तिची चार तत्त्वे होती. १९७५ च्या जानेवारीत स्वतः मुजीब यांनीच घटनादुरुस्ती करून एकपक्षीय राजवट आणली; जूनमध्ये चार वगळता सर्व दैनिके बंद झाली. ज्यांनी एकोणीस वर्षे लोकशाहीसाठी मार खाल्ला, त्यांच्याच पक्षाने ती मोडावी, हा आपणा सर्वांसाठी धडा आहे. त्याच वर्षी १५ ऑगस्टला मुजीब यांची कुटुंबीयांसह निर्घृण हत्या झाली.

पुढे झियाउर रहमान सत्तेवर आले. ते मुक्तियुद्धात लढलेले सेनानी होते, हे मान्य केले पाहिजे. परंतु १९७७ साली लष्करी फर्मानाने घटनेतून धर्मनिरपेक्षता काढली ती त्यांनीच. आणि त्यांच्याच राजवटीत, १९७८ च्या जूनमध्ये, स्मारकाच्या आराखड्यासाठी देशव्यापी स्पर्धा झाली. ५७ आराखडे आले. निवड झाली ती सय्यद मैनुल हुसेन या जेमतेम सव्विशीतल्या वास्तुकाराची. स्थापत्याची पदवी घेऊन त्याला दोनच वर्षे झाली होती. म्हणजे घटनेतून मुक्तियुद्धाचा आशय काढून घेतला जात होता, आणि त्याच वेळी सावारला मुक्तियुद्धाच्या मनोऱ्याची तयारी चालली होती.

काम पुरे झाले १९८२ साली. तोवर झियाउर रहमान यांचीही हत्या झाली होती आणि त्या वर्षीच्या मार्चमध्ये सेनापती हुसेन महंमद इर्शाद यांनी लोकनियुक्त सरकार उलथून मार्शल लॉ पुकारला होता. युद्धाच्या काळात हे गृहस्थ पश्चिम पाकिस्तानात होते. मायदेशी परतले १९७३ मध्ये. १६ डिसेंबर १९८२ रोजी मुक्तिस्मारकाचे उद्‌घाटन त्यांच्या हस्ते झाले. ज्याने ते स्मारक कल्पिले, त्या मैनुल हुसेनला समारंभाचे निमंत्रण नव्हते. बडी मंडळी निघून गेल्यावर त्याने लोकांच्या गर्दीत उभे राहून स्वतःची निर्मिती पाहिली, असे सांगितले जाते. पुढे १९८८ साली त्याला एकुशे पदक मिळाले. परंतु नंतरचे आयुष्य बरेचसे एकाकीपणात आणि आजारपणात गेले. १० नोव्हेंबर २०१४ रोजी तो वारला. ज्या वर्षी त्याला पदक मिळाले, त्याच १९८८ साली इर्शाद यांनी इस्लामला राज्यधर्माचा दर्जा देणारी घटनादुरुस्ती केली.

याच्या शेजारी दुसऱ्या एका उद्‌घाटनाची आठवण ठेवावी. ढाक्याच्या वैद्यकीय महाविद्यालयाच्या विद्यार्थ्यांनी २३ फेब्रुवारी १९५२ च्या एका रात्रीत भाषा हुतात्म्यांचा पहिला शहीद मिनार विटामातीने रचला. तीन दिवसांत पोलिसांनी तो पाडला. पुढे हमीदुर रहमान व नोव्हेरा अहमद यांच्या कल्पनेनुसार १९५७ साली कायमचा मिनार बांधावयास घेतला. १९५८ च्या लष्करी राजवटीने काम थांबले. अखेर काटछाट होऊन तो उभा राहिला. २१ फेब्रुवारी १९६३ रोजी त्याचे उद्‌घाटन केले ते हुतात्मा बरकतच्या आईने. १९७१ च्या मार्चमध्ये पाकिस्तानी सेनेने तोही उद्ध्वस्त केला आणि स्वातंत्र्यानंतर तो पुन्हा बांधला गेला. एका स्मारकाचे उद्‌घाटन हुतात्म्याच्या आईने करावे आणि दुसऱ्याचे लष्करशहाने, यातील अंतर एकोणीस वर्षांचेच आहे. स्वातंत्र्यापूर्वी आईला मान मिळाला आणि स्वातंत्र्यानंतर सेनापतीला, ही बोच मात्र कोणत्याही पुष्पचक्राने जाणारी नाही.

निनावीपणाचे बळ आणि मर्यादा

येथे एक आक्षेप घेतला जाईल. नाव नाही, चेहरा नाही, म्हणूनच तर कोणीही येऊन फुले वाहू शकतो! भिंतीवर मनू मियाचे नाव कोरले असते, अकरा कलमे कोरली असती, तर इर्शाद यांना तेथे उभे राहणे इतके सोपे गेले असते काय? आक्षेपात तथ्य आहे. अमूर्त आकृती ढोंग्याला अडवीत नाही. १९७१ मध्ये ज्या असंख्य स्त्रियांवर अत्याचार झाले, त्यांच्या वाट्याला या सात भिंतींत स्वतंत्र अशी एकही खूण नाही. आणि शहीद मिनाराच्या कल्पनेतील नोव्हेरा अहमद यांचा वाटाही कित्येक वर्षे कोणी धड सांगत नव्हते, हेही येथेच नोंदविले पाहिजे. राष्ट्राच्या स्मृतीतून कोण आधी गळते हे यावरून दिसते.

परंतु दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. शेख हसीना यांच्या दीर्घ राजवटीत मुक्तियुद्धाची स्मृती म्हणजे एका पक्षाची, किंबहुना एका कुटुंबाची मालमत्ता, असे समीकरण झाले. चौकाचौकांत मुजीब यांचे पुतळे आणि भित्तिचित्रे उभी राहिली. सरकारी नोकऱ्यांतील राखीव जागांचा प्रश्न घेऊन २०२४ च्या जुलैत विद्यार्थी रस्त्यावर आले तेव्हा सरकारने गोळ्या चालविल्या. संयुक्त राष्ट्रांच्या अहवालानुसार त्या काही आठवड्यांत १४०० पर्यंत माणसे मारली गेली असावीत. ५ ऑगस्टला हसीना देश सोडून गेल्या, आणि त्याच दिवशी ढाक्यात लोकांनी मुजीब यांचे पुतळे खाली ओढले. धानमंडीचे त्यांचे घर तेव्हा जाळले गेले आणि २०२५ च्या फेब्रुवारीत पाडले गेले. संताप सत्तेवर होता, घाव इतिहासावर पडला. मेहेरपूर जिल्ह्यातील मुजीबनगरची मुक्तियुद्धाची शिल्पेही त्यात फोडली गेली, आणि त्याचे समर्थन कोणत्याही लोकशाहीवाद्याने करू नये. एका माणसाच्या चुकांसाठी लाखोंचे बलिदान पुसता येत नाही. मृतांची अधिकृत संख्या तीस लाख सांगितली जाते. अभ्यासकांत तिच्याविषयी मतभेद आहेत, परंतु त्या वर्षी माणसांची कत्तल झाली याविषयी दुमत असू शकत नाही.

या साऱ्या वादळात सावार मात्र उभे राहिले. २०२४ च्या १६ डिसेंबरला हंगामी सरकारचे प्रमुख मुहम्मद युनुस यांनीही तेथेच येऊन पुष्पचक्र वाहिले. ज्याची मालकी कोणी सांगू शकत नाही, त्याच्यावर राग तरी कोण काढणार? पुतळा ज्या सत्तेने उभारला तिच्याबरोबर तो पडतो. सावारच्या भिंतींना बळ मिळते ते त्यांवर कोणाची मुद्रा नाही म्हणूनच. निनावीपणामुळे स्मारक ढोंगापासून वाचत नाही. विध्वंसापासून मात्र वाचते. ढोंगापासून वाचविण्याचे काम वास्तुकाराचे नव्हेच, ते जिवंत माणसांचे आहे.

त्याच रस्त्यावरचे दुसरे स्मारक

आणि जिवंत माणसांचा हिशेब मांडावयाचा तर सावारमध्येच थोडे मागे वळले पाहिजे. ज्या ढाका-आरिचा महामार्गावरून राष्ट्रप्रमुखांच्या मोटारी स्मारकाकडे जातात, त्याच महामार्गावर, स्मारकाच्या काही किलोमीटर अलीकडे, राणा प्लाझा नावाची आठ मजली इमारत होती. तीत तयार कपड्यांचे पाच कारखाने होते. २३ एप्रिल २०१३ रोजी भिंतींना तडे गेलेले दिसले. खालच्या मजल्यांवरील बँक आणि दुकाने दुसऱ्या दिवशी बंद राहिली. कारखान्यांतील मजुरांना मात्र पगार कापण्याच्या धमक्या देऊन आत पाठविण्यात आले. २४ एप्रिलच्या सकाळी इमारत कोसळली आणि ११३४ माणसे मेली. त्यांत बहुसंख्य तरुण स्त्रिया होत्या. त्या शिवीत होत्या ते कपडे युरोप-अमेरिकेतील दुकानांत जाणार होते.

१९५४ ची एकवीस कलमे आणि १९६९ ची अकरा कलमे ज्यांच्यासाठी होती, त्यांच्याच या मुली आणि नाती. राष्ट्र मुक्त झाले. कारखान्याच्या दारातून परत फिरण्याची मुभा मात्र मजुराला मिळाली नाही. त्या जागेसमोर सरकारने मनोरा बांधला नाही. कामगार संघटनांनीच एक लहानसे शिल्प उभे केले : वर उगारलेल्या दोन मुठी, एकीत हातोडा, दुसरीत विळा. दर वर्षी २४ एप्रिलला मेलेल्यांचे नातेवाईक तेथे फुले ठेवतात. बिगूल वाजत नाही. सात भिंतींचा १५० फुटी मनोरा आणि रस्त्याकडेच्या या दोन मुठी एकत्र पाहिल्याशिवाय सावार पाहिले असे म्हणता येणार नाही. मनोरा सांगतो की लोकांनी काय मिळविले, आणि त्या मुठी सांगतात की काय मिळावयाचे राहिले.

आपण काय करावे

आपल्या भागातही स्मारकांच्या मागण्या होतात, समित्या बसतात, निधी जमतो. कार्यकर्त्यांनी त्यापासून अलिप्त राहावे असे माझे म्हणणे नाही. स्मृती हे श्रमिकांचेही भांडवल आहे. ते आपण सोडले तर दुसरे कोणी त्यावर व्याज खाईल. परंतु स्मारक समितीत बसण्यापूर्वी आपण तीन गोष्टी विचाराव्या. ज्या मागण्यांसाठी माणसे मेली त्या मागण्यांचे पुढे काय झाले? स्मारकात शिपाई, गिरणी कामगार, शेतमजूर आणि स्त्रिया यांना जागा आहे की ती सर्व जागा एकाच पुतळ्याने व्यापली आहे? आणि उद्‌घाटन कोणाच्या हातून होणार?

तिसरा प्रश्न क्षुल्लक वाटेल, पण तसा तो नाही. कोनशिलेवर मंत्र्यांचे, पालकमंत्र्यांचे आणि अध्यक्षांचे नाव मोठ्या अक्षरांत कोरले जाते, हुतात्म्यांची यादी मागच्या बाजूस जाते आणि त्यांच्या घरची माणसे मांडवाच्या शेवटच्या रांगेत बसतात, हे आपण अनेकदा पाहिले आहे आणि गप्प राहिलो आहोत. पुढच्या वेळी गप्प राहू नये. बरकतच्या आईला १९६३ साली, लष्करी राजवटीच्या काळात, शहीद मिनाराच्या पायरीवर पुढे आणण्याचे धैर्य ढाक्याच्या विद्यार्थ्यांनी आणि लेखक-शिक्षकांनी दाखविले. आपल्याला तर केवळ मांडवातली एक खुर्ची पुढे सरकवायची आहे.